कशावरून ओळखले? हौशी निसर्गनिरीक्षकांच्या नोंदींचा एक आढावा

भिगवणच्या पाणथळीवर रविवारी पहाटे दुर्बीण लावून उभी असलेली माणसे आठवडाभर बँकेत, शाळेत, दवाखान्यात नाहीतर कारखान्यात काम करतात. पक्षिशास्त्राची पदवी त्यांच्यातल्या फार थोड्यांकडे असते. तरीही देशातल्या पक्ष्यांविषयी आज जे ठामपणे सांगता येते, त्यातले बरेचसे अशाच माणसांच्या नोंदींतून आले आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेला 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स' हा अहवाल सुमारे ३०,००० निरीक्षकांच्या ३ कोटी नोंदींवर उभा आहे आणि त्यात ९४२ जातींची स्थिती तपासलेली आहे. कोणती जात घटते आहे, कोणती टिकून आहे, कोणाच्या रक्षणाला आधी हात घालायला हवा, याची चर्चा आता या आकड्यांना धरून होते.

या सगळ्याच्या मुळाशी एक साधी क्रिया आहे. कोणीतरी एक जीव पाहिला आणि त्याला नाव दिले. ते नाव बरोबर आहे हे कशावरून मानायचे? नमुना हातात हवा, की छायाचित्र पुरे? जाणत्याचा शब्द पुरावा मानायचा का? फोनमधल्या ॲपने सांगितलेल्या नावावर कितपत विसंबायचे? साधने बदलत गेली तसे या वादाचे रूपही बदलत गेले. आज तो कुठे येऊन ठेपला आहे, हे इथे मांडायचे आहे. उदाहरणे बहुतेक महाराष्ट्रातली आहेत. भर पक्षी आणि आमरी, म्हणजे ऑर्किड, यांच्यावर आहे, कारण ओळख पटवण्याच्या अडचणी या दोहोंत अगदी निराळ्या आहेत.

बंदुकीचा काळ आणि पुस्तकांचा काळ

मुंबईत १८८३ च्या सप्टेंबरात आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यांतले दोघे भारतीय होते, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. दोघेही पेशाने वैद्य. निसर्गाचा अभ्यास हा त्या काळी बहुतांशी हौशी माणसांचाच प्रांत होता. ए. ओ. ह्यूम सनदी नोकर होते आणि खानदेशात पक्षी गोळा करणारे जेम्स डेव्हिडसनही सनदी नोकरच. पक्षी ओळखण्याची त्यांची रीत ठरलेली होती. गोळी घालायची, कातडे सोलून भरायचे, त्याला ठिकाण आणि तारखेची चिठ्ठी बांधायची, मग इतर कातड्यांशेजारी ठेवून चोच, पंख, नखे मोजायची. ह्यूम यांनी १८८५ साली ब्रिटिश म्युझियमला दिलेल्या संग्रहात ८०,००० हून अधिक नमुने होते.

आज ही रीत अंगावर येते. पण तिच्यातली एक शिस्त मोलाची होती. दावा करणारा माणूस गेला तरी पुरावा मागे उरत होता, आणि पुढच्या पिढीतल्या कोणालाही तो पुन्हा उघडून तपासता येत होता.

सलीम अलींचे 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स' १९४१ साली आले आणि ओळख पटवण्याची जागा संग्रहालयातून रानात आली. पक्षी चिमणीएवढा, बुलबुलाएवढा, मैनेएवढा की कबुतराएवढा, अशी मापे या पुस्तकाने रुजवली. नवख्याने काही पाहिल्याचे सांगितले, की आजही आपल्याकडे पहिला प्रश्न 'केवढा होता?' हाच येतो. पुढे १९६८ ते १९७४ या काळात सलीम अली आणि डिलन रिप्ली यांच्या पक्षिग्रंथाचे दहा खंड निघाले. मारुती चितमपल्लींच्या 'पक्षिकोशा'ने मराठीतली गावोगावची नावे एका जागी आणली. १९९८ मध्ये ग्रिमेट आणि इन्स्किप दांपत्याचे पुस्तक आले, आणि त्याची खिशात मावणारी आवृत्ती हौशी मंडळींच्या हातोहाती गेली. २००५ मध्ये पामेला रासमुसेन आणि जॉन अँडर्टन यांचे 'बर्ड्‌स ऑफ साउथ एशिया' आले. त्यात आवाजांचे आलेख होते, आणि पूर्वी एकच मानलेल्या कित्येक जाती वेगळ्या केलेल्या होत्या. पिसांच्या रंगावरून भागते हा समज या पुस्तकाने मोडला.

रानपिंगळा

नमुना, पुस्तक आणि रानातली नजर यांचे परस्परांशी काय नाते आहे, हे समजून घ्यायला रानपिंगळ्याची हकीकत सगळ्यांत उपयोगी आहे, आणि ती आपल्या सातपुड्यात घडलेली आहे.

ह्यूम यांनी १८७३ साली या छोट्या घुबडाचे वर्णन केले. १८८४ नंतर ते खात्रीने कोणाला दिसले नाही. जगभरच्या संग्रहालयांत मिळून त्याची सातच कातडी होती. त्यांतल्या एकावर रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याची चिठ्ठी होती: १९१४, मांडवी, गुजरात. म्हणजे विसाव्या शतकात हा पक्षी जिवंत होता आणि गुजरातेत होता, असा त्याचा अर्थ होत होता. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी ते कातडे बारकाईने तपासले, तेव्हा ते डेव्हिडसन यांनी १८८४ साली मिळवलेले निघाले. माइनर्ट्‌झहागेन यांनी ते संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून, त्यावर स्वतःची चिठ्ठी लावली होती. कातडे भरण्याची प्रत्येकाची हातोटी वेगळी असते, आणि डेव्हिडसन यांची हातोटी लपून राहिली नाही.

खोटे ठिकाण वजा झाल्यावर शोधाची दिशा खऱ्या ठिकाणांकडे वळली. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला. एकशे तेरा वर्षांनी! पुढे तो तोरणमाळ आणि मेळघाटात सापडला, आणि २०१४ साली मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसाच्या अभयारण्यातही.

मधल्या शतकात रानपिंगळा पाहिल्याच्या ज्या नोंदी झाल्या, त्या तपासात टिकल्या नाहीत. साधा पिंगळा आणि रानपिंगळा यांच्यातला फरक तसा डोळ्यांना दिसणारा आहे. रानपिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतात, छाती सलग तपकिरी असते, शेपटीवरचे पांढरे पट्टे रुंद असतात, पाय दणकट असतात, आणि तो दिवसाउजेडी शिकार करतो. पण यांतल्या कोणत्या खुणा खात्रीच्या आणि कोणत्या फसव्या, हे त्या सात कातड्यांचा अभ्यास झाल्यावरच नीट ठरले. ती खूणगाठ हाती आल्यावर मग साध्या दुर्बिणीने काम झाले. नमुन्याला कमी लेखणाऱ्यांनी आणि रानातल्या नोंदीला कमी लेखणाऱ्यांनी, दोघांनीही ही हकीकत पुरती वाचावी असे मला वाटते.

असा फसवा नमुना हा एकटाच नव्हता. इंग्लंडमधल्या हेस्टिंग्ज परिसरातून आलेल्या दुर्मीळ पक्ष्यांच्या कितीतरी नोंदी 'ब्रिटिश बर्ड्‌स' या नियतकालिकाने १९६२ साली एकदम रद्द केल्या. त्यांतले बहुतेक पक्षी भरलेल्या कातड्यांच्या रूपातच पुढे आलेले होते.

नमुना हवा की छायाचित्र पुरे?

रमणा अत्रेय हे पुण्यात रेडिओ खगोलशास्त्राच्या क्षेत्रात काम करणारे संशोधक. पक्षी हा त्यांचा पेशा नव्हता. अरुणाचलातल्या ईगलनेस्ट अभयारण्यात त्यांना एक पक्षी दिसला जो कोणत्याच पुस्तकात नव्हता. २००६ साली त्यांनी तो जाळ्यात धरला, त्याची मापे घेतली, छायाचित्रे काढली, सुटून आलेली पिसे जपून ठेवली आणि पक्षी सोडून दिला. एवढ्या पुराव्यावर 'बुगुन लिओसिक्ला' ही नवी जात 'इंडियन बर्ड्‌स' या नियतकालिकात जाहीर झाली. दिसलेल्या पक्ष्यांची संख्या इतकी अल्प होती, की त्यांतला एक मारणे समर्थनीय ठरले नसते, अशी त्यांची भूमिका होती. ही जात पुढे जगभर मान्य झाली.

या घटनेने उघडलेला वाद अजून मिटलेला नाही. २०१४ मध्ये 'सायन्स'मध्ये काही संशोधकांनी लिहिले, की नामशेष होऊ घातलेल्या जातींचे नमुने गोळा करणे थांबवावे, आणि छायाचित्र, ध्वनिमुद्रण व अंगाला इजा न करता घेतलेला डीएनए यांवर भागवावे. संग्रहालयांत काम करणाऱ्या शंभराहून अधिक संशोधकांनी त्याला उत्तर दिले. दुसऱ्या वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या एका माशीला केवळ छायाचित्रांवरून नवी जात म्हणून नाव देण्यात आले, आणि २०१६ मध्ये जवळपास पाचशे वर्गीकरणतज्ज्ञांनी सह्या करून या पद्धतीला विरोध नोंदवला.

नमुन्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा वजनदार आहे. छायाचित्रात तेवढेच असते जे त्या क्षणी भिंगाने टिपले. नमुन्याला मात्र पुढच्या काळातले, आज सुचतही नसलेले प्रश्न विचारता येतात. डीडीटीमुळे शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचे पातळ झाली, हे १९६७ साली सिद्ध करता आले ते जुन्या अंड्यांचे साठे हाताशी होते म्हणून. ती अंडी गोळा करणाऱ्यांच्या ध्यानीमनीही कीटकनाशके नव्हती. दुसऱ्या बाजूचा मुद्दाही तितकाच खरा आहे: मोजकेच जीव उरले असतील तर पुराव्यासाठी त्यांना संपवण्याचा अधिकार कोणालाच नाही.

हौशी निरीक्षकापुरता हा प्रश्न पुष्कळ सोपा होतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली झाला, आणि त्याने संरक्षण दिलेल्या जिवाला परवानगीशिवाय हात लावता येत नाही. शिवाय हौशी निरीक्षक बहुतेक वेळा आधीच ठाऊक असलेल्या जातीची नोंद करत असतो. तिथे चांगले छायाचित्र पुरते, मात्र त्यात ओळखीची नेमकी खूण यायला हवी. आणि काही गटांत ती खूण छायाचित्रात येऊच शकत नाही. पुष्कळसे कोळी आणि पतंग जननेंद्रियांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याखेरीज जातीपर्यंत ओळखता येत नाहीत. इथे 'अमुक प्रजातीतला कोळी' एवढेच लिहून थांबणे, हीच योग्य नोंद.

आमरीच्या खुणा

पक्षी निरीक्षकाला वेळ देत नाही. आमरी भरपूर वेळ देते, पण फुलेल तेव्हाच. एरवी झाडाच्या फांदीला चिकटलेल्या जाडसर पानांवरून किंवा खडकातल्या फुगीर खोडावरून जातीचे नाव सांगणे जाणत्यालाही अवघड जाते.

फूल आले तरी ते कुठून पाहायचे, हे माहीत असावे लागते. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याचा वनस्पतिग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला. सांतापाव आणि कपाडिया यांचा 'द ऑर्किड्‌स ऑफ बॉम्बे' १९६६ चा. दोन्हींतल्या ओळखतक्त्यांत रंगाला दुय्यम स्थान आहे. मधल्या पाकळीचा, म्हणजे ओठाचा, आकार कसा, त्याला किती फाटे, मागची सोंडेसारखी नळी किती लांब आणि कुठे वळलेली, मधल्या स्तंभाची घडण कशी आणि परागपुंज किती, यांवर निर्णय होतो.

कासच्या पठारावर पावसाळ्यात हॅबेनेरिया प्रजातीच्या अनेक आमरी पाठोपाठ फुलतात. ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस पावसाच्या सुरुवातीला येते. तिचे गोल पान जमिनीला चिकटलेले असते आणि त्यावर पांढरी फुले उभी राहतात. क्रॅसिफोलियाची पानेही तशीच जमिनीलगत असतात, त्यामुळे फुलाआधी पाहिले तर घोटाळा होतो. हेनियानाची फुले दांड्याच्या एकाच बाजूला दाटीने लागतात, तिला टूथब्रश ऑर्किड म्हणतात आणि ती लगेच कळते. झाडांवरच्या आमरींत डेंड्रोबियम बार्बाट्युलम आणि डेंड्रोबियम ओव्हॅटम यांची सर्रास गल्लत होते. पहिलीची फुले पांढरी आणि मोठी, दुसरीची मलईच्या पिवळट रंगाची. पण सावलीत आणि उन्हात घेतलेल्या छायाचित्रांत पांढरा आणि मलई हा भेद पुसला जातो. अशा वेळी ओठाची घडण पाहावी लागते.

इथे छायाचित्रकार आणि वनस्पतिशास्त्रज्ञ यांच्यात एक जुनी तक्रार आहे. लोक फुलाचे समोरून सुंदर छायाचित्र काढतात. त्यात नळी दिसत नाही, पान नसते आणि झाड कशावर वाढले आहे हेही कळत नाही. वनस्पतिशास्त्रज्ञाला तेवढ्यावरून काही बोलता येत नाही. एक समोरून, एक बाजूने नळीसकट, एक पानांचे, एक आजूबाजूच्या जागेचे आणि शेजारी मोजपट्टी, एवढी चार-पाच छायाचित्रे असली तर बहुतेक आमरी फूल न तोडता ओळखता येतात. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम प्रादेशिक केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था, मुंबईत सेंट झेवियर्सचे ब्लॅटर हर्बेरियम, इथल्या वाळवलेल्या नमुन्यांशी अशी छायाचित्रे ताडून पाहता येतात. तरीही काही अभ्यासक म्हणतात, की परागपुंज प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय अवघड जातींवर शिक्कामोर्तब करू नये, आणि त्यासाठी परवानगी असलेल्या संशोधकाने एखादे फूल द्रवात जपून ठेवावे. जिथे उण्यापुऱ्या वीस रोपांची वस्ती आहे तिथे ते एक फूलही घ्यावे का, यावर मात्र एकमत नाही.

श्रीकांत इंगळहळीकर हे मुळात अभियंते. त्यांच्या 'फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री'ने शास्त्रीय परिभाषेला बिचकणाऱ्या कितीतरी माणसांना फुलांपर्यंत नेले. छायाचित्रांच्या पुस्तकाची मर्यादा उघड आहे: चित्राशी जुळणारी दुसरी जात पुस्तकात नसेल तर वाचक पहिलीवरच थांबतो. पण ओळखतक्त्याची गोडी बहुतेकांना लागते ती अशा पुस्तकातून गेल्यावरच, हेही पाहण्यात आहे.

ढब, आवाज आणि तिरकी रेघ

अनुभवी पक्षिनिरीक्षक पुष्कळदा पिसे न पाहताच नाव सांगतो. उडण्याची लय, बसण्याची तऱ्हा, शेपटीची हालचाल, एकूण ढब त्याला पुरते. या ज्ञानाला पुरावा मानायचे का? एक बाजू म्हणते, माणसाचा मेंदू शेकडो खुणा एकदम जोखतो आणि ते शब्दांत मांडता येत नाही म्हणून खोटे ठरत नाही. दुसरी बाजू म्हणते, जे दुसऱ्याला तपासता येत नाही ते नोंदीच्या दफ्तरात शिरू नये. नेहमीच्या जातींसाठी पहिली बाजू आणि दुर्मीळ जातींसाठी दुसरी, अशी वाटणी व्यवहारात झालेली आहे आणि ती मला रास्त वाटते.

हिवाळ्यात सह्याद्रीत उतरणारे पर्णवटवटे हे या प्रश्नाचे खरे कसोटीस्थान. हिरवा आणि हिरवट पर्णवटवट्या दिसायला जवळजवळ सारखे. पंखावरची फिकट रेघ झिजून जाते, अंगावरचा पिवळा रंग पानांच्या उजेडात फसवतो. आवाज मात्र वेगळा: हिरवटाची हाक दोन अक्षरांची, हिरव्याची तीन अक्षरांकडे झुकणारी. तिरचिमण्यांचेही तसेच. धान तिरचिमणी आणि रिचर्डची तिरचिमणी यांच्यात उडताना काढलेल्या आवाजाइतकी भरवशाची खूण दुसरी नाही. पक्षी गप्प राहिला तर?

ई-बर्ड या नोंदव्यवस्थेत दोन नावांच्या मध्ये तिरकी रेघ देऊन 'हिरवा किंवा हिरवट' असे लिहायची सोय आहे. 'पर्णवटवट्या, जात अनिश्चित' असेही लिहिता येते. या सोयीला मी फार मोठे मोल देतो. अशा नोंदीत जे दिसले ते सगळे असते आणि न दिसलेले काही नसते. तरीही ती कमी वापरली जाते, कारण वैयक्तिक यादीतल्या जातींच्या आकड्यात तिची भर पडत नाही.

यंत्राचा कौल आणि बहुमत

कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिप्रयोगशाळेने ऑडुबॉन सोसायटीच्या साथीने २००२ साली ई-बर्ड सुरू केले. त्याच प्रयोगशाळेच्या 'मर्लिन' ॲपमध्ये २०२१ पासून आवाजावरून पक्षी सुचवण्याची सोय आली. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांच्या एका प्रकल्पातून उगवलेले आयनॅचरलिस्ट २०१७ पासून छायाचित्रावरून नाव सुचवू लागले. आता नवखा माणूस पुस्तक उघडण्याआधी फोन उघडतो.

दोन्हींची तपासणीची तऱ्हा मुळातच वेगळी आहे. ई-बर्डमध्ये प्रत्येक प्रदेशाला महिन्यावार चाळणी असते. त्या काळात तिथे न अपेक्षिलेली जात लिहिली, की नोंद स्वयंसेवक परीक्षकाकडे जाते आणि तो वर्णन, छायाचित्र वा आवाज मागतो. आयनॅचरलिस्टमध्ये बहुमत चालते. नोंदीला पुरावा, तारीख आणि ठिकाण असेल आणि ओळखणाऱ्यांतल्या दोन-तृतीयांशांहून अधिकांचे जातीवर एकमत झाले, तर ती संशोधनयोग्य ठरते आणि पुढे जागतिक साठ्यात जाते.

बहुमताच्या बाजूने सांगितले जाते, की हजारो डोळे फिरत असल्याने चूक फार काळ टिकत नाही आणि नोंदीचे छायाचित्र कायम उघडे असल्याने कोणीही ती दुरुस्त करू शकतो. लोकप्रिय पक्षी आणि फुलपाखरांबाबत हे बरेच खरे आहे. टीकाकारांना भीती वाटते ती कमी जाणकार असलेल्या गटांची. यंत्राने नाव सुचवले, नोंदवणाऱ्याने ते उचलले, दुसऱ्या एकाने भिडेखातर दुजोरा दिला, आणि दोन माणसांच्या सहमतीने यंत्राचेच मत पक्के झाले. पुढे याच नोंदींवर यंत्राचे शिक्षण होते. अशी चूक स्वतःलाच खतपाणी घालत राहते.

आवाजाच्या बाबतीत आपल्या रानांत एक खास अडचण आहे. भृंगराज आणि हरेवा दुसऱ्या पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करतात. भृंगराजाने शिक्र्याची हाक मारली तर ॲपच्या पडद्यावर शिक्रा उमटू शकतो. म्हणून ॲपने सुचवले, मग डोळ्यांनी पाहिले, मगच लिहिले, असा क्रम जाणते लोक सांगतात. हा क्रम पाळणाऱ्याला ॲप उत्तम शिक्षक ठरते, यात मला शंका नाही.

साप: ओळख चुकली तर

पक्ष्याचे नाव चुकले तर यादी बिघडते. सापाचे चुकले तर जीव जातो. विषारी मण्यार आणि बिनविषारी कवड्या यांच्या अंगावरचे पांढरे आडवे पट्टे घाईत सारखे वाटतात. मण्यारीचे पट्टे बहुधा जोडीजोडीने असतात आणि मानेपासून काही अंतर सोडून सुरू होतात. कवड्याचे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होतात. मण्यारीच्या पाठीच्या कण्यावरचे खवले मोठे आणि षट्कोनी असतात. फुरसे आणि मांजऱ्या, घोणस आणि डुरक्या घोणस या जोड्याही अशाच फसव्या.

या बाबतीत मते फारशी विभागलेली नाहीत. भारतात मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकत्र चालते आणि उपचार लक्षणे पाहून ठरतात, म्हणून दंश झाल्यावर साप ओळखण्यात, पकडण्यात वा त्याचे छायाचित्र काढण्यात वेळ घालवू नये. छायाचित्रावरून 'बिनविषारी आहे' असा दिलासा दुरून देणे तर अजिबात नको.

ठिकाण सांगावे का?

नोंदीत ठिकाण नसेल तर ती अभ्यासाला निरुपयोगी. पण ठिकाण जाहीर केले तर त्या जिवालाच धोका. २०१७ मध्ये डेव्हिड लिंडनमायर आणि बेन शील यांनी 'सायन्स'मध्ये दुर्मीळ जातींची नेमकी ठिकाणे छापू नयेत असे सुचवले, तेव्हा या प्रश्नाला तोंड फुटले. चीनमधल्या एका गुहेतल्या पालीचे वर्णन १९९९ मध्ये छापून येताच तस्करांनी ती जागा रिकामी केली, असे उदाहरण त्याआधीचेच होते.

आमरीबाबत हा धोका रोजचा आहे. सर्व जंगली आमरींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्‌स कराराचे निर्बंध आहेत, तरी फांदीसकट तोडून नेलेली सीतेची वेणी दारी टांगलेली दिसते. पक्ष्यांबाबत धोका गर्दीचा. पावसाळ्यात कोकणात तिबोटी खंड्याचे बीळ कळले, की तिथे कॅमेऱ्यांची रांग लागते. आईबाप चोचीत भक्ष्य घेऊन तासन्‌तास लांबच बसून राहतात.

उपाय म्हणून आयनॅचरलिस्ट धोक्यातल्या जातींचे ठिकाण सुमारे वीस किलोमीटरच्या चौकोनात धूसर करते आणि ई-बर्ड संवेदनशील जातींची नोंद सार्वजनिक पडद्यावर दाखवत नाही. यावर दोन आक्षेप आहेत. खाणीला किंवा रस्त्याला विरोध करताना गावकऱ्यांना आपल्या रानात काय आहे याचा पुरावा हवा असतो, आणि तो धूसर ठिकाणात हरवतो. दुसरे, गुपित राखण्याचा अधिकार थोड्या जाणकारांच्या हाती एकवटतो. घरट्याजवळची आणि आमरीच्या रोपाची जागा गुप्त ठेवावी, जातीचा अधिवास मात्र उघड असावा, या मधल्या वाटेकडे माझा कल आहे. पण दोन्हींमधली रेघ कुठे मारायची हे प्रत्येक जातीगणिक बदलते.

नोंदी कुठून येतात आणि नावे कशी बदलतात

ओळख बिनचूक असली तरी नोंदींचा ढीग एकांगी असू शकतो. निरीक्षक शहरांत राहतात, रस्त्यालगत थांबतात, सुटीच्या दिवशी निघतात आणि अभयारण्यांकडे वळतात. मराठवाड्यातली माळराने आणि शेतशिवारे त्यांच्या वाटेवर फारशी येत नाहीत. यावरचा एक उपाय केरळने करून दाखवला. २०१५ ते २०२० या काळात राज्यभर आखून दिलेल्या ठिकाणी, ठरलेल्या पद्धतीने, स्वयंसेवकांनी पक्षी मोजले आणि ३६१ जातींचा नकाशासंग्रह तयार झाला. जिथे जायला कोणी उत्सुक नसते अशा जागीही तिथे माणसे पोचली.

नावांचा प्रश्न वेगळाच. मुंबईच्या चिखलवाटांवर हिवाळ्यात येणारा छोटा वाळू-चिखल्या २०२३ साली ई-बर्डच्या यादीत तिबेटी आणि सैबेरियन अशा दोन जातींत विभागला गेला. जुन्या नोंदी ठिकाणावरून तिबेटीत वर्ग झाल्या. त्यांत एखादा सैबेरियन असलाच, तर छायाचित्र जोडलेल्या नोंदीतूनच तो आता सापडू शकेल. जगात पक्ष्यांच्या चार-चार अधिकृत याद्या समांतर चालत होत्या. त्यांना एकत्र आणणारी ११,००० हून अधिक जातींची 'ॲव्हीलिस्ट' २०२५ मध्ये आली. ती सगळीकडे रुळायला वेळ लागेल.

अजून न सुटलेले

पहिला प्रश्न माणसांचा आहे. नोंदी कोटींनी वाढल्या, परीक्षक त्या प्रमाणात वाढले नाहीत. तेही बहुतेक हौशीच आहेत आणि आपली नोकरी सांभाळून रात्री नोंदी तपासतात. कोळी, पतंग, गवते, शेवाळे यांच्यासाठी देशात बोटांवर मोजण्याएवढे जाणकार आहेत. पदव्युत्तर अभ्यासक्रमांत वर्गीकरणशास्त्र आक्रसत चालले असताना ही उणीव हौशी लोकच भरून काढतील अशी आशा काहींना आहे, आणि फुलपाखरांच्या अभ्यासात ती काही अंशी खरीही ठरली. बाकीच्या गटांत तसे होईल का, हे सांगता येत नाही.

दुसरा प्रश्न जुन्या वह्यांचा. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या निरीक्षकांच्या हस्तलिखित वह्या घरोघरी कपाटांत आहेत. त्यांत छायाचित्र नाही, आवाज नाही, पण माळढोक आणि तणमोर सहज दिसत होते त्या काळातल्या तारखा आणि ठिकाणे आहेत. आजच्या कसोटीला त्या उतरत नाहीत आणि त्या गेल्या तर तुलनेला आधार उरत नाही. त्यांचे वजन किती धरायचे याचा सर्वमान्य निकष अजून तयार झालेला नाही.

तिसरा प्रश्न सगळ्यांत अवघड. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगावी लोकजैवविविधता नोंदवह्या करायच्या आहेत. राष्ट्रीय हरित लवादाने मुदत घातल्यावर २०२० च्या सुमारास त्यांतल्या पुष्कळ घाईत भरल्या गेल्या. त्यांत पारधी, कातकरी, कोरकू, भिल्ल यांनी सांगितलेली नावे आणि खुणा आहेत, काही ठिकाणी फार बारकाईने सांगितलेल्या. लाव्याच्या जाती केवळ आवाजावरून वेगळ्या करणाऱ्या माणसाचा शब्द कोणत्या रकान्यात लिहायचा, त्याला पुरावा म्हणून काय जोडायचे, आणि स्थानिक नाव एकाच जातीचे आहे की तिघा-चौघांचे मिळून, हे कोण ताडून पाहणार? ई-बर्डच्या परीक्षकाकडे त्याची चाळणी नाही. वह्या करणाऱ्या गावातल्या समितीकडे दुर्बीण नाही. काही ठिकाणी पक्षिमित्र आणि गावकरी एकत्र बसून या वह्या वाचू लागले आहेत. ते काम तालुक्या-तालुक्यात कसे न्यायचे, त्याचा खर्च कोणी करायचा आणि त्या माहितीवर हक्क कोणाचा, ही चर्चा नुकती कुठे सुरू झाली आहे.